‘पिढी’ची वारसनोंद

मराठी समीक्षेला दशके मोजण्याची जी सवय जडली आहे, तिचा हिशेब कधीतरी मांडला गेला पाहिजे. ‘साठोत्तरी’ हा शब्द रूढ झाला तेव्हा त्यामागे एक खरी वाङ्मयीन घडामोड होती. ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ यांसारखी लघुनियतकालिके निघत होती, प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराशी उघड भांडण मांडले गेले होते, आणि त्या भांडणाला स्वतःची भाषा होती. पुढे मात्र शब्दाला चिकटलेला ‘उत्तर’ हा प्रत्ययच तेवढा उरला आणि तो कोणत्याही आकड्याला लावता येतो असे आमच्या लक्षात आले. मग ऐंशीनंतरची पिढी आली, नव्वदोत्तरी आली, दोन हजारनंतरची आली. दर दहा वर्षांनी पंचांगातून एक पिढी काढायची, तिच्या माथी एक ‘जाणीव’ मारायची आणि त्या जाणिवेची पाच-सहा लक्षणे प्रश्नपत्रिकेत विचारायची, हा आपल्या अध्यापनव्यवहाराचा नित्यक्रम झाला आहे. प्रस्तुत लेखात माझे म्हणणे एवढेच आहे की, मराठी समीक्षेत ‘पिढी’ हा शब्द बहुतांशी ‘वर्ग’ हा शब्द टाळण्यासाठी वापरला जातो. आणि हे टाळणे अजाणतेपणाचे राहिलेले नाही.

हा विचार मनात पक्का होण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. एम. ए.च्या अंतर्गत मूल्यमापनासाठी विद्यार्थी निबंध वाचत होते. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत, सिहोरा म्हणून गाव आहे. त्या भागातून आलेल्या एका विद्यार्थिनीने ‘नव्वदोत्तरी कवितेतील पिढीची जाणीव’ या विषयावरील निबंध वाचला. निबंध नीटनेटका होता. जागतिकीकरणाने माणसाचे ग्राहकात रूपांतर केले, महानगरीय जगण्यात तुटलेपण आले, दोन पिढ्यांतील अंतर वाढले, ही संदर्भग्रंथांत सापडणारी विधाने तिने क्रमाने मांडली होती. मी सहज विचारले की, तुझ्या घरी हे अंतर कसे दिसते? ती थोडी संकोचली आणि म्हणाली, “सर, रोवणीच्या दिवसांत आजी, आई आणि मी एकाच बांधीत असतो. तिघींची मजुरी सारखीच असते.”

या उत्तराला गुण देण्याची सोय आमच्या मूल्यमापनपद्धतीत नव्हती. गुण मी निबंधालाच दिले, आणि चांगले दिले. परंतु ज्या प्रश्नाला ती निबंधात उत्तर देत होती तो प्रश्न तिचा नव्हता, आणि जे तिचे उत्तर होते त्याला आमच्याकडे प्रश्नच नव्हता, हे त्या दिवसापासून मला अस्वस्थ करीत आले आहे.

तिघींची मजुरी सारखीच, या वाक्यात काय सांगितले गेले ते नीट पाहिले पाहिजे. आजीचा अनुभव, आईचे कसब, नातीचे पदवीपर्यंतचे शिक्षण यांपैकी कशाचीही किंमत त्या बांधीत वेगळी होत नाही. चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या हाताचे वय मजुरीच्या हिशेबात धरले जात नाही. म्हणजे पिढीतील अंतर जेथे निर्माण व्हावयाचे, तेथे एका आर्थिक व्यवहाराने ते पुसून टाकलेले आहे. याचा अर्थ त्या घरात पिढ्या नाहीत असा नव्हे. आजी निरक्षर आहे आणि नात एम. ए. करते आहे, याहून मोठे अंतर ते कोणते असणार? पण हे अंतर तिला आईशी किंवा आजीशी भांडायला लावत नाही. तिचे भांडण असलेच तर ते तिसऱ्याशीच आहे, आणि तो तिसरा आमच्या ‘पिढी’च्या व्याख्येत कोठेच बसत नाही.

पिढीच्या संकल्पनेची सैद्धान्तिक चर्चा करताना कार्ल मान्हाइमच्या १९२८च्या निबंधाचे नाव घेण्याचा प्रघात आहे. नाव घेणाऱ्यांनी तो निबंध शेवटपर्यंत वाचला असता तर बरे झाले असते. एकाच काळात जन्मल्याने माणसे एका पिढीची होतात, हे मान्हाइमला मान्यच नव्हते. समान वय ही केवळ एक शक्यता. समान ऐतिहासिक घालमेलीत प्रत्यक्ष ओढले गेल्यावरच पिढी घडते. आणि तशी घडलेल्या पिढीतही एकाच अनुभवाला परस्परविरोधी प्रतिसाद देणारे गट असतात, अशी त्याची मांडणी आहे. एवढेच नव्हे, तर शहरांतील उलथापालथीचा स्पर्श न झालेला दूरच्या खेड्यांतील शेतकरी तरुण हा शहरी तरुणांच्या पिढीत मोडत नाही, हे उदाहरणही त्यानेच दिले आहे. आमच्या समीक्षेने मान्हाइम घेतला, त्याचा शेतकरी तेवढा वाटेत उतरवून ठेवला.

अर्थात मान्हाइमशीही येथे माझा वाद आहे. सिहोऱ्याचा तरुण हा ‘स्पर्श न झालेला’ नाही. १९९१नंतरच्या आर्थिक धोरणांचा स्पर्श त्याला झाला आहे, कदाचित शहरी तरुणापेक्षा अधिक खोलवर झाला आहे. मात्र तो वेगळ्या ठिकाणी झाला आहे. नव्वदोत्तरी कवितेवरील समीक्षा वाचली तर उदारीकरण म्हणजे जाहिरात, उपग्रहवाहिन्या, मॉल, मोबाइल आणि महानगरातील एकटेपणा असे वाटू लागते. ‘शब्दवेध’, ‘अभिधानंतर’, ‘सौष्ठव’ यांभोवतीच्या कवींनी त्या अनुभवाला भाषा दिली, हे त्यांचे श्रेय आहे आणि ते कोणी नाकारू नये. प्रश्न कवींचा नाही. त्यांच्या अनुभवाला ‘पिढीचा अनुभव’ असे सार्वत्रिक नाव देणाऱ्या समीक्षकांचा आहे. धानाच्या पट्ट्यात उदारीकरण दुकानाच्या काचेतून आले नाही. ते शासननिर्णयाच्या कागदावरून आले. २०००मध्ये महाराष्ट्रात ‘शिक्षणसेवक’ नावाचे पद निर्माण झाले आणि शिक्षकाच्या नोकरीची पहिली तीन वर्षे ठोक मानधनावर गेली. प्राथमिक शिक्षणसेवकाला दरमहा ३,००० रुपये. पुढच्याच वर्षी ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्दप्रयोग शाळांना चिकटला. खेड्यातील शिकलेल्या मुलामुलींसमोर मास्तरकी हाच एक ओळखीचा जिना होता. त्याच्या पायऱ्या नेमक्या याच काळात काढून घेतल्या गेल्या. डी. एड.ची विद्यालये उदंड झाली, नंतर भरती आटली, आणि २०१३पासून शिक्षक पात्रता परीक्षेचा आणखी एक उंबरठा आला. ‘शिक्षणसेवक’ या शब्दावर एखादा प्रबंध मराठी विभागात झाल्याचे माझ्या वाचनात नाही. ‘मॉल’ या प्रतिमेवर किती झाले, ते विचारू नये.

येथे पिएर बोर्द्यूची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘तरुणाई’ हा केवळ एक शब्द आहे, असे त्याने १९७८च्या एका मुलाखतीत म्हटले होते. विद्यार्थी म्हणून तारुण्य लांबवू शकणारे आणि लहान वयातच कामाला जुंपलेले, अशी निदान दोन तारुण्ये समाजात असतात आणि त्यांना एका नावाने हाक मारणे ही लबाडी आहे, हा त्याचा मुद्दा. त्याच मुलाखतीत आपल्याला अधिक उपयोगी असा दुसरा मुद्दा आहे. पूर्वीच्या पिढीला थोड्या शिक्षणावर जे मिळाले ते पुढच्या पिढीला अधिक शिक्षणावरही मिळत नाही, कारण मधल्या काळात पदव्यांचेच मोल घसरलेले असते. आपल्या खेड्यांतून याची साक्ष जागोजाग सापडेल. व्हर्नाक्युलर फायनल होऊन गुरुजी झालेला माणूस आणि एम. ए., बी. एड. होऊन रिकामा बसलेला त्याचा नातू, हे चित्र कोणत्या गावात नाही? पण लक्षात घ्यावे, हे चित्र गुरुजींच्या घरातले आहे. गुरुजींच्या शेतावर राबणाऱ्या सालगड्याच्या घरात आजोबा-नातवाची ही तुलनाच उभी राहत नाही. कारण तेथे घसरावयाला मोलच नव्हते. पिढ्यांतील अंतर हे ज्या घरात काही गमावण्यासारखे असते, त्याच घरात ‘अंतर’ म्हणून जाणवते.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ (२००२)मधील एकनाथ हा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. शिकलेला, नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसा नसलेला आणि परतून शेतात अडकलेला हा नायक. त्याच्या घरातील ताणतणावांचे वाचन आपण ‘ग्रामीण पिढीचा कोंडमारा’ म्हणून केले. पण तो कोंडमारा सातबाऱ्यावर नाव असलेल्या कुटुंबाचा आहे, हे फार थोड्यांनी लक्षात घेतले. विकायला किंवा गहाण ठेवायला जमीन असते म्हणूनच डोनेशनचा विचार संभवतो. ही कादंबरीची उणीव नव्हे, उलट कादंबरीकाराने हा हिशेब काटेकोर ठेवला आहे. आम्हीच तो वाचला नाही.

आता ज्या घटनेपासून आपले पिढीशास्त्र सुरू होते तिच्याकडे वळतो. १९६३ साली ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. पंचांगाच्या न्यायाने ही एकाच पिढीची अपत्ये. परंतु ‘पिढीचे बंड’ म्हणून आपण जे शिकवतो ते पांडुरंग सांगवीकराचे. त्या बंडाची थोरवी मला अमान्य नाही. त्या कादंबरीने माझ्या पिढीलाही (हा शब्द येथे मलाही टाळता येत नाही, हे कबूल करतो) वाचायला शिकवले. तरीही एक साधी गोष्ट विचारली पाहिजे. पांडुरंगाचे पुण्यातील बंड चालते कशावर? खानदेशातील वडिलांकडून येणाऱ्या पैशावर. वडिलांशी भांडण आहे ते त्या पैशाच्या हिशेबाशी निगडित आहे, आणि सगळे फसल्यावर परतायला सांगवीचे घर आहे. बापाशी भांडता येणे ही एक सवलत आहे. त्यासाठी बापाकडे काहीतरी असावे लागते. बागुलांच्या शीर्षककथेतील निवेदक जात लपवून परक्या गावात खोली मिळवतो. त्याचे भांडण वडिलांशी नाही, घरमालकाच्या जगाशी आहे. १९६३ची ही दोन पुस्तके शेजारी ठेवून ‘साठोत्तरी पिढी’ असे एकवचनी नाव देता येते का? आम्ही दिले, आणि त्यासाठी दुसऱ्या पुस्तकाला उचलून ‘दलित साहित्य’ या वेगळ्या प्रकरणात नेऊन ठेवले. वाङ्मयेतिहासात पिढ्या असतात त्या मध्यमवर्गाच्या. बाकीच्यांचे ‘प्रवाह’ असतात.

‘प्रवाह’ या शब्दाबद्दल खरे म्हणजे स्वतंत्रपणे लिहायला हवे. तूर्त इतकेच, की शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४)मध्ये बापाचे नाव हाच प्रश्न आहे. जेथे वंशच समाजाने नाकारला तेथे ‘पिढी’ हे मोजमाप लावायचे कोणत्या अर्थाने? पिढी ही संकल्पना वैध वारसा गृहीत धरते. ज्यांना वारसा मिळाला, किंवा निदान नाकारता आला, त्यांचीच ती संकल्पना आहे.

वारशाचा मुद्दा निघालाच आहे तर तलाठ्याच्या दप्तराकडे पाहू. आमच्या भागातील शेतकऱ्याच्या घरात पिढी बदलते ती दशक बदलल्यावर नव्हे. फेरफाराच्या वहीत वारसनोंद झाल्यावर. या नोंदीचा परिणाम आकड्यांत दिसतो. कृषिगणनेनुसार १९७०-७१मध्ये महाराष्ट्रातील सरासरी वहितीक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. खातेदारांची संख्या त्याच अवधीत सुमारे ४९.५ लाखांवरून १५२ लाखांवर गेली. आजोबाची चार हेक्टर, बापाची दोन, मुलाचे एक, अशी ही शेतकऱ्याची ‘साठोत्तरी’, ‘ऐंशीनंतरची’ आणि ‘नव्वदोत्तरी’ आहे. तिसऱ्या वाटणीनंतर खातेदार आणि मजूर यांतील रेषा पुसट होते; स्वतःच्या बांधीत रोवणी आटोपून माणूस दुसऱ्याच्या बांधीत जातो, किंवा मक्त्या-बटईने आणखी एखादा तुकडा घेतो, किंवा नागपूरची वाट धरतो. आणि ज्याच्या नावे पहिल्यापासूनच सातबारा नव्हता त्याची पिढी कोणत्याच वहीत बदलत नाही.

या जिल्ह्यापुरता आणखी एक तपशील नोंदवावासा वाटतो. हा भाग मध्य प्रांताचा. येथे मालगुजारी होती आणि ती १९५१ साली संपली. मालगुजारांच्या काळातील तलाव सरकारजमा झाले, कागदोपत्री त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ असे पडले आणि आद्याक्षरे घेऊन त्यांचे ‘मामा तलाव’ झाले. सात दशके उलटली तरी तलाव ‘माजी’च आहेत. जी व्यवस्था गेली तिच्या नावानेच वस्तू ओळखायची, हा शासकीय बाणा आमच्या समीक्षेनेही उचलला आहे. ‘साठोत्तरी’, ‘नव्वदोत्तरी’ ही नावे तरी दुसरे काय सांगतात? कशाच्या तरी नंतरचे आहे, एवढेच. त्या तलावाचे पाणी आज कोणाच्या बांधीत जाते आणि त्यातली मासोळी कोण पकडतो, हे ‘माजी’ या शब्दावरून कळत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मराठी समीक्षेत वर्गदृष्टी नव्हती असे कसे म्हणता? जोतीराव फुल्यांनी १८८५ साली मराठी ग्रंथकार सभेला पाठवलेले पत्र हा तर मराठी वाङ्मयव्यवहाराच्या सामाजिक पायाचा पहिला पंचनामाच आहे. नागपुरात राहून शरच्चंद्र मुक्तिबोधांनी ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ लिहिले. शरद पाटलांनी ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ मांडले. ही परंपरा आहे, पण ती अभ्यासक्रमात कोठे आहे ते पाहा. ‘मार्क्सवादी समीक्षा’ नावाच्या घटकात ती बंदिस्त आहे. ‘आधुनिक मराठी वाङ्मयाचा इतिहास’ शिकवताना तिचा उपयोग करायचा नाही असा जणू संकेत आहे. सिद्धान्ताच्या पेपरात वर्ग आणि इतिहासाच्या पेपरात पिढी, अशी आम्ही वाटणी करून ठेवली. देशीवादाकडून काही अपेक्षा होती. त्याने महानगरी मध्यमवर्गाच्या सार्वत्रिकतेला आव्हान दिले, हे खरे. परंतु त्या बदल्यात खेडे नावाची एक अखंड वस्तू समोर ठेवली. तिच्या आत मालक कोण, मजूर कोण, हा प्रश्न विचारणे त्याला रसभंगासारखे वाटते. पिढीवाद्यांनी शहर अखंड मानले, देशीवाद्यांनी गाव. रोवणीची मजूर दोघांच्याही हातून निसटली.

स्त्रियांबाबत तर हे अधिकच खरे. भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत विड्या वळणे हे घराघरांतून चाललेले काम होते आणि काही प्रमाणात आजही आहे. मुली आईशेजारी बसून ते शिकत आल्या. हजार विड्यांमागे मजुरी ठरते. त्या कोणत्या वयाच्या बोटांनी वळल्या, हे मोजणीत येत नाही. स्त्रीवादी समीक्षेनेही आई-मुलीच्या नात्याची चर्चा पुष्कळ केली, पण आई आणि मुलगी एकाच सुपावर बसलेल्या कामकरी असू शकतात हे तिच्या ध्यानात क्वचितच आले.

मग या प्रदेशाला पिढ्यांविषयी बोलणारे साहित्यच नाही काय? आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, आणि झाडीपट्टीतील रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम पुढे काही महिने रंगतो. म्हातारा बाप, शहरात जाऊन साहेब झालेला मुलगा, जमिनीची वाटणी, सुनेचा परकेपणा हे या नाटकांचे हुकमी विषय आहेत. नाटके भडक असतात, कित्येकदा असह्य भडक असतात. त्यांची भलावण करण्याचा माझा हेतू नाही. पण शेतकरी आणि मजूर एकाच मांडवात बसून पिढीच्या प्रश्नावर रडतात-हसतात असे दुसरे स्थळ मराठीत मला ठाऊक नाही. वाटणीच्या प्रवेशाला कोण हुंदका देतो आणि गड्याच्या विनोदावर कोण हसतो, एवढे जरी कोणी नोंदवले असते तरी ‘पिढी’ या संकल्पनेची वर्गीय चिरफाड हाती आली असती. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाचा पाया घातला, संमेलनांची परंपरा उभी राहिली, बोलीत लिहिणारे कवी आले. ते ‘नव्वदोत्तरी’ आहेत की नाहीत, हे कोणाला विचारावेसेही वाटले नाही. बोलीचा अभ्यास भाषाविज्ञानाकडे, नाटकाचा लोकसाहित्याकडे. पिढीवर हक्क सांगायला पुन्हा पुण्या-मुंबईचेच कवी शिल्लक.

हे सारे लिहिणारा मी कोठे उभा आहे, तेही सांगितले पाहिजे. कारण या नियतकालिकाचे बहुतेक वाचक त्याच ठिकाणी उभे आहेत. महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात आज निदान तीन प्रकारची माणसे असतात. १ नोव्हेंबर २००५पूर्वी नेमले गेलेले, ज्यांना जुने निवृत्तिवेतन आहे. त्यानंतर नेमले गेलेले, ज्यांना ते नाही. आणि तासिका तत्त्वावरचे, ज्यांना नेमणूकच नाही. पहिल्या दोघांतील भेद कर्मचाऱ्यांनी पिढीचा म्हणून ओळखला, त्याला ‘जुनी पेन्शन’ असे नाव दिले आणि मार्च २०२३मध्ये त्यासाठी संपही केला. तिसऱ्याचा भेद मात्र पिढीचा नाही. तो माझ्याच वयाचा असतो, माझ्याइतकीच पदवी त्याच्याकडे असते, कित्येकदा माझ्याहून अधिक वाचन असते. आम्ही एकाच टेबलावर उत्तरपत्रिका तपासतो आणि सुट्टी लागली की त्याचे उत्पन्न थांबते. चर्चासत्रात आम्ही दोघेही ‘नवे समीक्षक’ म्हणून ओळखले जातो. या ‘नव्या पिढी’त पगारी कोण आणि बिनपगारी कोण, हा प्रश्न स्वागताध्यक्षांनी विचारल्याचे कधी ऐकले नाही. ‘पिढी’ हा शब्द आम्हाला का प्रिय आहे याचे उत्तर बाहेर शोधण्याचे कारण नाही. तो उच्चारला की कक्षातील टेबल एकच राहते.

तेव्हा मागणी अशी. अभ्यासमंडळांनी वाङ्मयेतिहासाच्या पेपरातून दशकवार घटक काढून टाकावेत. त्यांच्या जागी एका वर्षाची पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याचा घटक घालावा. १९६३पासून सुरुवात करायला हरकत नाही. प्रबंधाच्या रूपरेषेत ‘अमुकोत्तर पिढीची जाणीव’ असे शीर्षक आले, तर ती जाणीव कोणाच्या उत्पन्नावर उभी आहे, हे मार्गदर्शकाने पहिल्याच बैठकीत विचारावे. हे मार्गदर्शकाने स्वतःलाही विचारायचे आहे, म्हणून ते होणार नाही अशी मला भीती वाटते. सिहोऱ्याच्या त्या विद्यार्थिनीने पुढे विद्यापीठाच्या परीक्षेत नव्वदोत्तरी जाणिवेची सहाही लक्षणे लिहिली आणि तिला प्रथम श्रेणी मिळाली. ती लक्षणे मीच वर्गात सांगितली होती.